लेंड्यांत अंडी नाहीत, मग मेंढी मेली कशी? यकृतकृमी आणि ‘निल’ अहवालाचा घोळ

खान्देशात दिवाळीनंतर मेंढ्या दगावू लागतात तेव्हा लेंडी तपासणीचा अहवाल अनेकदा कोराच येतो. त्यात तपासणीचा दोष किती आणि ती केव्हा, कशी केली याचा किती, याचा हा हिशेब.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. पांझरेकाठच्या एका शेतात दीडशे मेंढ्यांचा वाडा बसवला आहे. सकाळी वाडा सोडताना एक मेंढी उठत नाही. काल संध्याकाळपर्यंत ती इतरांबरोबर चरत होती. दोन दिवसांनी आणखी एक जाते. मेंढपाळ चार-पाच मेंढ्यांच्या लेंड्या पिशवीत बांधून तालुक्याच्या दवाखान्यात नेतो. उत्तर मिळते, कृमींची अंडी आढळली नाहीत. मग विषारी पाला खाल्ला असेल, आंत्रविषार असेल, थंडी लागली असेल, असे तर्क सुरू होतात. औषधे बदलतात, पैसे जातात आणि तिसरी मेंढी मरते.

हे चित्र कुणा एका वाड्याचे नाही. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत ठेलारी व धनगर मेंढपाळांचे कळप दिवाळीनंतर बागायती पट्ट्याकडे, पाण्याच्या कडेने सरकतात. तिथे असे कुठल्याही हिवाळ्यात घडू शकते. यातली गोम अशी की प्रयोगशाळेतले उत्तर खरे असते. अंडी खरोखरच नसतात. तरीही मेंढीच्या यकृतात शेकडो कृमी असू शकतात.

कृमी आहे तरी कोणता?

यकृतकृमी म्हणजे लिव्हर फ्लूक. पानासारखा चपटा. हिमालयासारख्या थंड, डोंगराळ भागात त्याची फॅसिओला हेपॅटिका ही जात आढळते, तर महाराष्ट्रासारख्या उष्ण मैदानी मुलखात फॅसिओला जायगँटिका ही तिची मोठी बहीण. पूर्ण वाढ झालेली जायगँटिका साडेसात सेंटीमीटरपर्यंत लांब असू शकते. इंग्लंडच्या कॉबोल्ड या शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये तिचे वर्णन केले, तेही जिराफाच्या यकृतातून. आपल्याकडे तिचे घर गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी. म्हैस हा भार बराच काळ सहन करते. मेंढीला ते जमत नाही.

कृमीचे अंडे विष्ठेतून बाहेर पडते आणि पाण्यात उबते. त्यातून निघालेली सूक्ष्म अळी पाणगोगलगायीत शिरते. ही गोगलगाय म्हणजे संथ पाण्यात, शेवाळ-गवताच्या आधाराने राहणारी लिम्निया. शंखाचे तोंड कानाच्या पाळीसारखे पसरट असल्याने ती ओळखता येते. तिच्या शरीरात एका अळीच्या शेकडो अळ्या होतात, बाहेर पडतात आणि पाण्याकाठच्या गवताला चिकटून कवचबंद होतात. मेंढी ते गवत खाते. आतड्यात कवच फुटते, कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येतो आणि तिथून थेट यकृतात घुसतो.

पुढचे काही आठवडे तो यकृताचे मांस पोखरत फिरतो. या काळात तो अंडी घालत नाही, कारण तो अजून वयातच आलेला नसतो. पित्तनलिकेत पोहोचून मोठा झाल्यावरच अंडी सुरू होतात. हेपॅटिकाला यासाठी साधारण १० ते १२ आठवडे लागतात, जायगँटिकाला १२ ते १६. म्हणजे मेंढीने गवत खाल्ल्यापासून जवळजवळ चार महिन्यांपर्यंत लेंडीत काहीच दिसणार नाही. खूप कृमी एकदम पोटात गेले तर मेंढी याच काळात रक्तस्रावाने मरते. कोऱ्या अहवालामागचे कोडे इतकेच आहे.

कोरडवाहू जिल्ह्यात पाण्याचा रोग?

‘हा कोकणातला, भातखाचरातला रोग, आमच्याकडे कुठला?’ हा प्रश्न धुळ्यात स्वाभाविक आहे. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. पण गोगलगायीला पाऊस किती मिलिमीटर झाला याच्याशी घेणेदेणे नसते. तिला वर्षातले बरेच महिने टिकणारे संथ पाण्याचे डबके पुरते.

तशी जागा खान्देशात माणसाने तयार केली आहे आणि ती चांगल्या कारणासाठी केली आहे. पांझरेवरची फड पद्धत काही शतकांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि पाळीपाळीने भिजणारे फड. साक्री तालुक्यात अक्कलपाडा धरण आहे. जळगाव जिल्ह्यात गिरणेचे आवर्तन सुटले की पाणी नदीपात्रातून जामदा बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून कालव्यांत जाते. भुसावळजवळ तापीवर हतनूर, शिवाय वाघूर. या प्रत्येकाच्या कडेला पाझराची डबकी, गाळाचे काठ आणि उन्हाळ्यातही हिरवे राहणारे गवत असते.

आसपासचे रान वाळले की मेंढ्या नेमक्या त्याच हिरव्या पट्ट्यावर येतात. जितका मुलूख कोरडा, तितकी पाण्याकाठी गर्दी जास्त. म्हणून ‘पाणथळ जागी मेंढ्या चारू नका’ हा पुस्तकी सल्ला मेंढपाळाला ऐकवण्यात फारसा अर्थ नाही. डोंगरावर चराईबंदी, शेतात पीक उभे, गायरानावर अतिक्रमण. त्याला उरतो तो नदीचा काठ. काठ सोडा म्हणणाऱ्याने दुसरी जागा दाखवावी. फार तर पिण्याचे पाणी विहिरीवरून उपसून डोणीत द्यावे, सर्वात ओला चिखलाचा पट्टा टाळावा आणि वाळवलेला चारा मिळेल तेव्हा तो वापरावा, एवढे सांगता येते. बाकी सगळा भार निदान आणि औषधावर येतो. म्हणूनच निदान नीट होणे गरजेचे आहे.

तारखांचा हिशेब

जूनच्या मध्याला पाऊस लागला असे धरू. विष्ठेतली अंडी पाण्यात पडली की उबदार हवेत दोन-अडीच आठवड्यांत फुटतात. गोगलगायीच्या शरीरातला मुक्काम पुढे सहा-सात आठवडे किंवा त्याहून जास्त. म्हणजे गवतावर नवीन कवचबंद अळ्या दिसू लागतात त्या ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये. मेंढीने सप्टेंबरच्या मध्याला त्या खाल्ल्या तर यकृताची खरी पोखरण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चालते. लेंडीत अंडी येण्याची लवकरात लवकर तारीख डिसेंबरचा दुसरा आठवडा आणि बहुतेक वेळा जानेवारी.

आता नेहमीचा रिवाज पाहा. पावसाळ्यापूर्वी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा जंतनाशक. दुसरा डोस बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या आसपास पडतो. त्यात अल्बेंडाझोल किंवा ऑक्सिक्लोझानाइड असेल तर ही औषधे पित्तनलिकेतल्या प्रौढ कृमींवर चालतात, यकृताच्या मांसात फिरणाऱ्या कोवळ्या कृमींवर नाही. १ ऑक्टोबरला डोस दिला आणि कृमी १२ आठवड्यांत प्रौढ होतो असे धरले, तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यानंतर पोटात गेलेला प्रत्येक कृमी या डोसातून सुटतो. म्हणजे गेल्या हंगामाचे कृमी मेले, या हंगामाचे जिवंत राहिले. मेंढपाळ मात्र ‘औषध पाजले आहे’ म्हणून निर्धास्त असतो. आणि आयव्हरमेक्टिन? अनेकांच्या मते तो सर्वरोगहर उपाय. यकृतकृमीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही.

कोवळ्या कृमींवर चालणारे औषध म्हणजे ट्रायक्लाबेंडाझोल. अगदी एक-दोन आठवड्यांच्या कृमींपासून प्रौढांपर्यंत सगळ्यांवर. पण तेच एक औषध सगळीकडे, दरवर्षी, अंदाजाने पाजत राहिले की काय होते हे ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. तिथे १९९५ मध्येच मेंढ्यांमधले यकृतकृमी या औषधाला दाद देत नसल्याची नोंद झाली. नंतर युरोपातही तेच घडले. कोवळ्या कृमींवर इतके प्रभावी दुसरे औषध हाताशी नाही. त्यामुळे ‘तपासत कशाला बसायचे, पाजून टाका’ हा शॉर्टकट परवडणारा नाही.

तरंगवायचे की बुडवायचे?

आता जानेवारी आला. अंडी लेंडीत आहेत. तरीही ती दिसणार नाहीत अशी एक सोय आपण करून ठेवली आहे आणि ती म्हणजे चुकीची पद्धत.

मेंढ्यांच्या लेंडी तपासणीची सर्वात प्रसिद्ध पद्धत मॅकमास्टर. १९३९ मध्ये सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी ती मेंढ्यांसाठीच बसवली. लेंडी मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळायची. द्रावण जड, गोलकृमींची अंडी हलकी, त्यामुळे ती वर तरंगतात. खाचा आखलेल्या काचेत ती मोजायची आणि एका ग्रॅममागे किती अंडी हे काढायचे. रक्त पिणाऱ्या हिमोंकस या गोलकृमीसाठी ही पद्धत उत्तम.

यकृतकृमीचे अंडे मात्र जड असते. मिठाच्या द्रावणात ते तळाशी जाते आणि तपासणारा वरचा थर पाहत बसतो. विहिरीत पडलेली बादली पाण्यावर शोधण्यासारखे हे झाले.

यात आकडेमोडीचीही अडचण आहे. समजा, यकृतकृमीची अंडी एका ग्रॅमला १० आहेत. मेंढीसाठी ही संख्या क्षुल्लक नाही. नेहमीच्या मॅकमास्टर पद्धतीत काचेखाली प्रत्यक्षात ग्रॅमचा जेमतेम पन्नासावा भाग पाहिला जातो आणि दिसलेल्या अंड्यांना ५० ने गुणले जाते. अंडी तरंगली असे गृहीत धरले तरी १० भागिले ५० म्हणजे ०.२. पाच वेळा काच पाहिली तर सरासरी एकदा एक अंडे दिसेल. चार वेळा अहवाल ‘निल’.

यकृतकृमीसाठी अंडी बुडवावी लागतात. त्याला अवसादन पद्धत म्हणतात, सोप्या भाषेत तळ बसवणे. पाच-दहा ग्रॅम लेंड्या पाण्यात कुस्करायच्या, चहाच्या गाळणीतून गाळायच्या, उंच भांड्यात तीन-चार मिनिटे ठेवायच्या. जड अंडी तळाला जातात, वरचे गढूळ पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचे. पुन्हा पाणी, पुन्हा थांबणे, पुन्हा ओतणे. पाणी नितळ झाले की तळाच्या गाळात मेथिलीन ब्लूचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. लेंडीतला काडीकचरा निळा होतो, यकृतकृमीचे अंडे सोनेरी पिवळेच राहते आणि उठून दिसते. पाच ग्रॅममधला सगळा गाळ पाहिला तर वरच्या हिशेबातली ५० अंडी नजरेच्या टप्प्यात येतात. ओतताना काही गेली तरी शून्य येणार नाही.

या कामाला महागडे यंत्र लागत नाही. गाळणी, दोन भांडी, रंग, साधा सूक्ष्मदर्शक आणि अर्धा तास. अडचण त्या अर्ध्या तासाची आहे. मिठाच्या पाण्यात लेंडी ढवळून काच पाहणे झटपट होते, तळ बसवणे वेळखाऊ. म्हणून ‘लेंडी तपासली’ म्हणताना कुठल्या पद्धतीने, हे विचारले पाहिजे आणि अहवालावर ते छापले गेले पाहिजे. ‘अंडी आढळली नाहीत’ या तीन शब्दांपुढे पद्धत आणि महिना नसेल तर त्या अहवालाचा मेंढपाळाला उपयोग शून्य. उलट नुकसान, कारण तो खऱ्या शत्रूकडे पाठ फिरवतो.

पिवळे अंडे, पांढरे अंडे

तळ बसवूनही एक फसगत शिल्लक राहते. मेंढीच्या पहिल्या पोटात राहणारा आणखी एक चपटा कृमी आहे, अँफिस्टोम. त्याचे अंडे जवळपास तेवढेच मोठे, तशाच घाटाचे आणि तसेच टोकाला झाकण असलेले. फरक रंगाचा. यकृतकृमीचे पिवळे, अँफिस्टोमचे फिके, जवळजवळ रंगहीन. तोही त्याच गोड्या पाण्याकाठी, गोगलगायींतूनच येतो. दोन्ही एकाच मेंढीत असणे अजिबात नवल नाही.

हा फरक परीक्षेतल्या गुणांपुरता नाही. ट्रायक्लाबेंडाझोल अँफिस्टोमवर चालत नाही. ऑक्सिक्लोझानाइड दोन्हींच्या प्रौढांवर चालते. रंग ओळखण्यात चूक झाली तर महागडे औषध अख्ख्या कळपाला पाजून काहीच साधत नाही आणि जुलाबाने कोकरे मरत राहतात.

डोळ्यांनी पाहून निदान करावे तर तिथेही गफलत. डोळ्याची आतली त्वचा पांढुरकी पडणे, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबणे, लोकर गळणे, मेंढी कळपाच्या मागे राहणे. ही सगळी लक्षणे यकृतकृमीतही दिसतात आणि हिमोंकसमध्येही. दक्षिण आफ्रिकेतून आलेला फामाचा तक्ता डोळ्याच्या रंगावरून रक्त किती कमी झाले ते सांगतो, कुणी प्यायले ते सांगत नाही.

मग आकड्याला किती महत्त्व द्यायचे?

गोलकृमींच्या बाबतीत ‘एका ग्रॅमला किती’ याला अर्थ असतो. यकृतकृमीच्या बाबतीत तो आकडा फसवा. अंडी पित्ताशयात साठतात आणि पित्त सुटेल तशी खेपेखेपेने बाहेर पडतात. त्याच मेंढीच्या सकाळच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या लेंडीत फरक पडतो. अंडी कमी म्हणजे कृमी कमी, असेही नाही. म्हणून इथे पहिला प्रश्न ‘आहे की नाही’ एवढाच ठेवावा. एकही पिवळे अंडे दिसले तर कळप बाधित आहे आणि तो चरलेला काठही बाधित आहे, असे समजून चालावे.

आकडा खऱ्या अर्थाने कामी येतो तो औषधाची परीक्षा घेताना. डोस देण्याआधी दहा-बारा मेंढ्यांची अंडी मोजायची आणि तीन आठवड्यांनी त्याच मेंढ्यांची पुन्हा. संख्या जवळपास शून्यावर आली तर औषध चालले. नव्वद टक्केही घट नसेल तर डोस कमी पडला किंवा कृमी पक्का झाला. तीन आठवडे थांबायचे ते पित्ताशयात आधीच साठलेली अंडी निघून जावीत म्हणून. आठव्या दिवशी तपासले तर चाललेले औषधही नापास ठरेल. आपल्याकडे अशी परीक्षा फारशी होत नाही. औषध पाजले की नोंद संपते, ते लागू पडले का हे विचारायला कुणी परत येत नाही. वजन न करता डोळ्यांनी अंदाज करून डोस देण्याची सवय यात आणखी भर घालते. ३० किलोच्या मेंढीला २० किलोचा डोस गेला तर कृमी मरत नाही, औषधाची सवय मात्र लावून घेतो. डोस गटातल्या सर्वात वजनदार मेंढीवरून ठरवावा हा सर्वसाधारण नियम, पण क्लोझँटेलसारख्या औषधात तो जपून वापरावा लागतो, कारण जास्त डोसाने मेंढी आंधळी होऊ शकते. तिथे वजनकाटाच हवा.

मेलेली मेंढी काय सांगते?

ऑक्टोबर ते डिसेंबर या मुक्या काळात लेंडी उत्तर देत नाही. उत्तर देते ते यकृत. पशुवैद्यकाने शवविच्छेदन केले तर सुजलेले, रक्ताळलेले, बोगदे पडलेले यकृत आणि पोटात साचलेले लालसर पाणी दिसते. यकृताचे काप करून पाण्यात दाबले की काही मिलिमीटरचे कोवळे कृमी बाहेर येतात. एका मेंढीचे शव पूर्ण कळपाचे निदान करते आणि उरलेल्या दीडशे वाचू शकतात.

दुसरा एक धोकाही इथेच उघड होतो. कृमीने पोखरलेल्या यकृतात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू फोफावून ‘ब्लॅक डिसीज’ होतो आणि मेंढी काही तासांत जाते. बाहेरून ते आंत्रविषारासारखेच वाटते.

मात्र शव मेंढपाळाने स्वतः उघडू नये. अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल तर ती फाशी असू शकते. तिचे जंतू माणसालाही होतात आणि शव उघडले की जमिनीत वर्षानुवर्षे राहतात. अशा वेळी १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात आधी कळवावे. आणि काढलेले यकृत कुत्र्यांपुढे टाकू नये. यकृतकृमीमुळे नव्हे, तर त्यात पाण्याच्या गाठी असल्या तर हायडाटिडचे चक्र कुत्र्यातून माणसापर्यंत येते.

निदानाचे एक केंद्र आपण कधी मोजतच नाही, ते म्हणजे खाटकाचे दुकान. कलेजी कापताना ‘पाने’ निघाली तर ती बाजूला टाकली जाते. कोणत्या बाजारातून, कोणत्या भागातून आलेल्या मेंढीत ती निघाली एवढे जरी कुणी वहीत लिहिले, तरी महिनाभरात तालुक्याचा नकाशा तयार होईल. (शिजवलेल्या कलेजीतून हा कृमी माणसाला होत नाही. माणसाला धोका असतो तो पाण्यात वाढणाऱ्या वनस्पती न धुता कच्च्या खाण्यातून.)

सूक्ष्मदर्शक आहेत, मेंढपाळासाठी नाहीत

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यातला लम्पीचा त्या साथीतला पहिला रुग्ण जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात आढळला, तेव्हा यंत्रणा काही दिवसांत हलली. बाजार बंद झाले, लस आली. अंगावर गाठी दिसतात, फोटो काढता येतो. यकृतकृमीचा फोटो निघत नाही. मेंढी कमी वजन धरते, गाभण मेंढी गाभडते, दूध आटते, कोकरू अशक्त निघते. नुकसान हळूहळू होते आणि ते मेंढपाळाच्या नशिबाच्या खात्यात जमा होते.

इंग्लंडमध्ये १८७९-८० च्या ओल्या हंगामांत यकृतकृमीने सुमारे ३० लाख मेंढ्या मेल्या. धनगरांचे नशीब म्हणून ते सोडून दिले गेले नाही. ऑक्सफर्डच्या ए. पी. थॉमस या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला कामाला लावले गेले आणि १८८३ पर्यंत त्याने, तसेच जर्मनीत लॉयकार्ट यांनी, गोगलगायीतून फिरणारे हे सगळे चक्र उलगडले. १४० वर्षांपूर्वी सुटलेले हे कोडे आज प्राणिशास्त्राच्या पुस्तकात ठरलेला धडा आहे. फॅसिओलाची सुबक आकृती काढून गुण मिळवणारे विद्यार्थी धुळे, जळगाव, नंदुरबारच्या महाविद्यालयांत दरवर्षी असतात. प्रयोगशाळेतल्या काचेवर तोच कृमी रंगवून बसवलेला असतो. पाच किलोमीटरवर वाडा बसवलेल्या मेंढपाळाच्या लेंड्या मात्र त्या सूक्ष्मदर्शकाखाली जात नाहीत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतल्या प्राणिशास्त्र विभागांनी जानेवारी-फेब्रुवारीत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याबरोबर तळ बसवण्याची शिबिरे घेतली, तर विद्यार्थ्यांना खरे प्रात्यक्षिक मिळेल आणि डॉक्टरांचा अर्धा तास वाचेल. औषध कोणते हे अर्थातच डॉक्टरच ठरवतील.

दवाखान्यांतली रिकामी पदे, लसीकरणाच्या मोहिमा, टॅगिंगची उद्दिष्टे, हे सगळे खरे आहे. एका डॉक्टरकडे कितीतरी गावे असतात. पण सरकार महामेष योजनेतून ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि एक नर देते. त्या २१ जनावरांपैकी चार पहिल्या हिवाळ्यात यकृतकृमीने गेली, तर अनुदानाचा पाचवा हिस्सा मातीत जातो. गट वाटताना त्याच्या सोबत जानेवारीतली एक तळ-तपासणी आणि तीन आठवड्यांनंतरची फेरतपासणी जोडायला नवीन योजना लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

नमुना कसा न्यावा?

कळपातल्या दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या घ्याव्यात, प्रत्येकीच्या साधारण चमचाभर. पहाटे वाडा उठण्याआधी मेंढ्या उभ्या केल्या की त्या लेंड्या टाकतात, त्या वेळी घेणे सोपे. फक्त धष्टपुष्ट मेंढ्यांच्या घेऊ नयेत. मागे राहणाऱ्या, जबडा सुजलेल्या आणि यंदाच्या कोकरांच्याही हव्यात. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीतली हवा दाबून काढून गाठ मारावी आणि सावलीत न्यावे. गोलकृमींची अंडी उन्हाळ्यात दिवसभरात उबून जातात आणि नमुना वाया जातो. यकृतकृमीचे अंडे त्या बाबतीत समजूतदार आहे, लेंडीत गुंडाळलेले असेपर्यंत ते फुटत नाही. उशीर झाला तरी चालतो, फक्त लेंड्या वाळू द्यायच्या नाहीत. दवाखान्यात देताना ‘यकृतकृमीसाठी तळ बसवून पाहा’ असे स्पष्ट सांगावे आणि शेवटचे औषध कोणते, कधी पाजले तेही.

दहा जणींच्या लेंड्या एकत्र कालवून एकच तपासणी केली तर वेळ वाचतो. बाधा आहे की नाही हे बहुतेक वेळा त्यातून कळते. औषधाची परीक्षा घ्यायची असेल तर मात्र त्याच मेंढ्यांच्या लेंड्या दोन्ही वेळी लागतात. त्यासाठी कानाला खूण किंवा पाठीवर रंग हवा.

राहता राहिला पत्ता. फिरत्या कळपाचा नमुना साक्रीत दिला तर तीन आठवड्यांनी फेरतपासणीच्या वेळी कळप शिंदखेड्यात किंवा अमळनेरात असतो. दवाखान्याच्या नोंदवहीत गावाचे नाव लिहायचा रकाना असतो, तो इथे कामाचा नाही. लिहायला हवा तो मेंढपाळाचा मोबाइल क्रमांक. अहवालाचा फोटो त्यावर गेला की पुढच्या तालुक्यातला डॉक्टर तिथूनच काम सुरू करू शकतो.